गोठ्याजवळून 765 केव्हीची लाइन: जनावरांच्या कोलेस्टेरॉलवर परिणाम होतो की नाही?

गोठा_मंगळवेढा
आमच्या गोठ्यापासून 60 मीटरवरून 765 केव्हीची लाइन गेलीय. पावसाळी हवा असली की तारांची चरचर घरात ऐकू येते. रात्री तारांखाली ट्यूब नुसती हातात धरली तरी मंद पेटते, मी स्वतः पाहिलंय. आता गावच्या ग्रुपवर मेसेज फिरतोय की तारेजवळच्या जनावरांच्या रक्तात कोलेस्टेरॉल वाढतं, त्यांचं दूध घेऊ नका. जाणकारांना विचारावं तर एकच उत्तर, ‘काही होत नाही’.

म्हणून मी स्वतः शोधलं. मेक्सिकोत 2007 साली उंदरांना 60 हर्ट्झच्या, 2.4 मिलिटेस्लाच्या चुंबकीय क्षेत्रात एकदाच 2 तास ठेवलं. रक्तातलं एचडीएल (‘चांगलं’ म्हणतात ते कोलेस्टेरॉल) वाढलं, यकृतातलं कोलेस्टेरॉल उतरलं. शरीरातल्या चरबीच्या कारभारात ढवळाढवळ झालीच ना? मग ‘काही होत नाही’ कशाच्या जोरावर म्हणता?

शरीरशास्त्र_शिकवते
दादा, तो आकडा नीट बघा. 2.4 मिलिटेस्ला म्हणजे 2400 मायक्रोटेस्ला. 50 हर्ट्झसाठी सामान्य माणसाची आंतरराष्ट्रीय मर्यादा (2010 ची) 200 मायक्रोटेस्ला आहे. तारांच्या अगदी खाली उभं राहिलं तरी क्षेत्र दहा-वीस मायक्रोटेस्लाच्या घरात असतं, तुमच्या 60 मीटरवर तर फारच कमी. शिवाय एचडीएल वाढणं म्हणजे मेसेजमध्ये लिहिलंय ते नव्हे.

आणखी एक. उंदराच्या रक्तातलं बहुतेक कोलेस्टेरॉल एचडीएलमध्येच असतं, माणसासारखं एलडीएलमध्ये (‘वाईट’ म्हणतात त्यात) नाही. त्याचं यकृत रात्री, तो खात असताना, जास्त कोलेस्टेरॉल बनवतं. रक्त काढायची वेळ बदलली, जनावर घाबरलं, क्षेत्र तयार करणाऱ्या तारेच्या वेटोळ्यामुळे, म्हणजे कॉइलमुळे, पिंजरा गरम झाला, तरी आकडे हलतात. अशा प्रयोगांत मी पहिल्यांदा एकच पाहते: कॉइल बंद ठेवून, बाकी सगळं तसंच करून, उंदरांचा दुसरा गट ठेवला होता का?

ऊसपट्टा
मॅडम, उंदीर बाजूला ठेवू. गाईंवरचं काम आहे. कॅनडातल्या क्यूबेकमध्ये 16 होल्स्टीन गाई 10 किलोव्होल्ट प्रतिमीटर आणि 30 मायक्रोटेस्ला क्षेत्रात ठेवल्या. हे आकडे मोठ्या लाइनखालचेच आहेत. 2003 चे निष्कर्ष असे: दूध सुमारे 5 टक्क्यांनी आणि फॅट सुमारे 16 टक्क्यांनी घटलं, उलट चारा जास्त खाल्ला. शेतकऱ्याला यापेक्षा आणखी काय दाखवायचं? तुमची 200 ची मर्यादा माणसाच्या नसांवर ताबडतोब होणारा परिणाम धरून ठरवलेली आहे. गाय दावणीला दिवसरात्र उभी असते, तिच्यासाठी कोणी मर्यादा ठरवली?

शरीरशास्त्र_शिकवते
तुमचा शेवटचा मुद्दा मला मान्य आहे, जनावरांसाठी वेगळी मर्यादा असायला हवी. पण 16 गाई फार थोड्या आहेत, त्याही एकेकट्या पिंजऱ्यात कोंडलेल्या. आणि त्या प्रयोगातून कोलेस्टेरॉल वाढल्याचं निघत नाही. दुधातलं कोलेस्टेरॉल फॅटच्या कणांच्या आवरणाला धरून असतं. फॅट घटलं तर तेही घटणार. म्हणजे ज्या प्रयोगाचा तुम्ही आधार घेता, तोच त्या मेसेजच्या विरोधात जातो.

गुरांचा_डॉक्टर
मी रोज गोठ्यांत जातो. गाय व्यायल्यावर तिचं खाणं वाढत जातं, तसं रक्तातलं कोलेस्टेरॉलही काही महिने चढत राहतं. हे नैसर्गिक आहे. नुकत्याच व्यायलेल्या गाईची तपासणी चौथ्या महिन्यातल्या गाईशी ताडून पाहिली तर लाइन नसलेल्या गोठ्यातही फरक दिसेल.

दादा, गव्हाणीच्या लोखंडी पाइपाला आणि पाण्याच्या हौदाला मीटर लावा. गाईला एक-दोन व्होल्टही जाणवतात. ती पाण्याला तोंड लावते, मागे सरते, पुन्हा लावते. एका गोठ्यात मी हे तासभर बघत उभा होतो. पंपाचं अर्थिंग तुटलेलं निघालं, ते दुरुस्त केल्यावर गाई हौदावर निवांत पाणी प्यायला लागल्या. पत्र्याच्या छपराला अर्थिंग आहे का, तेही बघा. आणि गाळपाच्या दिवसांत नुसत्या वाढ्यांवर भर देऊ नका, कडबा कमी पडला की फॅट बसत नाही.

गोठा_मंगळवेढा
डॉक्टर, आज मीटर लावला. हौदाला काही नाही, पण पत्र्याला व्होल्टेज दाखवतंय, अर्थिंगची तार गंजून तुटलेली. उद्या ती बसवतोय.

तरीही मॅडम, माझा मूळ प्रश्न तसाच आहे. उंदरांवर, गाईंवर परदेशात मोजलं. आमच्याकडे शेतातून लाइन नेताना टॉवरच्या जागेचा मोबदला मोजतात, जनावरांचं रक्त कोणी मोजत नाही. तुम्ही म्हणता पुरावा नाही. आमच्या भागात तो कोणी गोळाच केला नाही, त्याचं काय?

शरीरशास्त्र_शिकवते
बरोबर आहे, हे मोजलंच पाहिजे. तुमच्या 5 गाई आणि लाइनपासून दीड-दोन किलोमीटरवरच्या गोठ्यातल्या 5, त्याच महिन्यात व्यायलेल्या, तीच वैरण असलेल्या. रक्त सकाळी, एकाच वेळी काढायचं. नळीवर गोठ्याचं नाव न घालता नुसता नंबर घाला. 10 गाईंवरून निष्कर्ष काढता येणार नाही, पण मोठ्या तपासणीची मागणी करायला तुमच्या हातात आकडे असतील.

गोठा_मंगळवेढा
पाटील वस्तीवरच्या मावसभावाच्या 4 गाई आमच्याच बरोबर व्याल्यात. डॉक्टर, गुरुवारी सकाळी जमेल का?