ब्राझीलमधली छोटी गावं, सोबत आईबाबा : साधं हॉटेल घ्यावं की पोझादा?

रानवारा

नमस्कार मंडळी. येत्या जुलैत आईबाबा माझ्याकडे साओ पाउलोला येतायत. मोठी शहरं आणि समुद्रकिनारे यात दोघांनाही रस नाही. बाबांना अलेइजादिन्यो या जुन्या ब्राझिलियन शिल्पकाराची शिल्पं बघायची आहेत, म्हणून मिनास जेराइस राज्यातली जुनी गावं करायचं ठरतंय : ओरो प्रेतो, मारियाना, कोंगोन्यास आणि शेवटी तिरादेन्तेस. गाडी चालवायची नाही, सगळं बसने.

अडलंय ते राहण्यावर : साधं हॉटेल घ्यावं की पोझादा, म्हणजे घरगुती लॉज? एकाच गावात १४० रेआलची (रेआल म्हणजे इथलं चलन) खोली दिसते आणि ५०० चीही. फोटोंत दोन्हीकडे पांढरी चादर, लाकडी खिडकी आणि खिडकीतून दिसणारं चर्च. या दोन्हींत नेमका फरक काय असतो? बाबांचे गुडघे दुखतात, आई शाकाहारी आहे (अंडं चालतं) आणि तिला सकाळी उठल्याउठल्या चहा लागतो. माझं पोर्तुगीज कामापुरतं आहे. कुणी अशा गावांतून राहिलं असेल तर जरा सविस्तर सांगा.

---

मिनासकर

रानवारा, मी नोकरीसाठी बेलो होरिझोन्तेत राहते आणि सुट्टी मिळाली की याच गावांतून बसने फिरते. प्रश्न वाचून राहवलं नाही, म्हणून लांबलचक लिहितेय.

बाबांचे गुडघे दुखतात ना, मग भाव बघायच्या आधी चढ बघा. ओरो प्रेतोचा नकाशा फोनवर सपाट दिसतो आणि घात तिथेच होतो. बसस्टँड वरच्या अंगाला आहे, तिथून उतरत उतरत गावातल्या तिरादेन्तेस चौकात येता (तिरादेन्तेस गाव वेगळं, नाव तेवढं एकच), आणि चौकातून पुढे बहुतेक सगळे रस्ते आणखी खाली जातात. पिलारच्या चर्चजवळची किंवा रेल्वे स्टेशनकडची खोली शंभर रेआलनी स्वस्त मिळेल, पण प्रत्येक वेळी चौकात यायचं म्हणजे घोटीव दगडांचा उभा चढ. पाऊस पडला की ते दगड निसरडे होतात, आणि चाकांची बॅग त्यांवरून ओढणं केवळ अशक्य. त्यामुळे ओरो प्रेतोत चौकाच्या आसपासच खोली घ्या, थोडी लहान असली तरी चालेल. बसस्टँडवरून टॅक्सी करा, अंतर कितीही कमी दिसलं तरी.

आता फरकाचं. १२० ते १८० च्या पट्ट्यात मिळतात ती साधी हॉटेलं, बरीचशी बसस्टँडच्या आसपास. ती मुळात फिरत्या विक्रेत्यांसाठी आणि कंपन्यांच्या कामगारांसाठी चालतात. पंखा, टीव्ही, पातळसा टॉवेल, एकच ब्लँकेट. चादरी स्वच्छ असतात, हे मात्र मी बहुतेक सगळीकडे पाहिलंय. नाश्त्याला पाव, लोणी, कॉफी आणि पपईची फोड. २५० ते ४०० मध्ये पोझादा मिळते, म्हणजे बहुधा एखाद्या कुटुंबाचं जुनं घर. मालकीण स्वतः तिथे असते, मधे अंगण असतं, आणि पैशांचं खरं मोल सकाळच्या टेबलावर कळतं. गरम पाओ दे केइजो (चीजचे छोटे गोल पाव), मक्याच्या पिठाचा केक, मिनासचं पांढरं ताजं चीज, पेरूची वडी, दोन-तीन फळं, ताजा रस. एका पोझादात मालकीणबाई पहाटेच चुलीशी होत्या, आणि मी टेबलाशी बसल्यावर पाओ दे केइजोची दुसरी खेप खास माझ्यासाठी भट्टीत गेली. वर कडक, आत तार सुटणारं चीज. असा नाश्ता केला की दुपारी दोनपर्यंत काही लागत नाही. ४०० च्या वर गेलात की जास्तीचे पैसे मुख्यतः देखाव्याचे, जुनं फर्निचर, पोहण्याचा तलाव वगैरे. तुमच्या घरच्यांना त्याची गरज दिसत नाही.

पण माझा खरा सल्ला वेगळाच आहे. हॉटेल निवडू नका, खोली निवडा. जुन्या वाड्यांत एकाच छताखाली फार वेगवेगळ्या खोल्या असतात. एक रस्त्यावर उघडणारी, एक अंगणाकडची, आणि एक अशी की जिची खिडकी फक्त व्हरांड्यात उघडते. तिघींचा भाव बऱ्याचदा एकच, आणि फोटो असतो तो सगळ्यात देखण्या खोलीचा. काही घरांत छत बांबूच्या चटईचं असतं, शेजारच्या खोलीतला खोकलासुद्धा ऐकू येतो. त्यामुळे पोझादाच्या व्हॉट्सॲपवर थेट लिहा. इथे सगळा व्यवहार व्हॉट्सॲपवरच चालतो. विचारा : तळमजल्यावर खोली आहे का, जिने किती, खिडकी बाहेर उघडते का, जादा ब्लँकेट मिळतील का. वडिलांचे गुडघे दुखतात हे आवर्जून लिहा. मिनासची माणसं मायाळू असतात, म्हाताऱ्या माणसांसाठी खोली बदलून देतात. बरेचदा थेट भावही थोडा कमी पडतो.

वारांचं गणितही सांभाळा. ओरो प्रेतोत सोमवारी बहुतेक म्युझियम आणि बरीच चर्च बंद असतात, आणि शुक्रवार-शनिवारी भाव चढतात. म्हणजे मंगळवार ते शुक्रवार सकाळ ओरो प्रेतो. मारियाना तिथून जेमतेम बारा किलोमीटर, दिवसात जाऊन परत या. कोंगोन्यासलाही मुक्काम नको, बसस्टँडवरून टॅक्सीने वर बासिलिका या मोठ्या चर्चपाशी जा, अलेइजादिन्योचे बारा संदेष्ट्यांचे पुतळे शांतपणे बघा आणि पुढची बस धरा.

तिरादेन्तेस गावात शनिवार-रविवारी भाव दीडपट-दुप्पट होतात आणि सोमवार ते बुधवार निम्मी रेस्टॉरंटं बंद. म्हणून मी तर शनिवार-रविवारी शेजारच्या साओ जुआओ देल-रेईत राहते. ते कामाचं, विद्यापीठाचं शहर आहे. बाहेरगावची माणसं शनिवारी आपापल्या घरी जातात, हॉटेलं रिकामी होतात आणि भाव उतरतात. शिवाय तिथून तिरादेन्तेसला वाफेच्या इंजिनाची गाडी जाते, १८८१ साली सुरू झालेला मार्ग, बारा किलोमीटर. ती मुख्यतः शनिवार-रविवारीच धावते. बाबांना ही गाडी चुकवू देऊ नका.

---

खारा_वारा

मिनासकरताईंनी मिनासचं सांगितलंय, मी बाहिया राज्यातल्या लेन्सोइसचं सांगतो, शापादा दियामान्तिना या डोंगराळ भागाच्या पायथ्याचं गाव. पुढेमागे कुणी तिकडे गेलं तर उपयोगी पडेल.

तिकडे खोलीचा भाव पंख्याचा वेगळा आणि एसीचा वेगळा असतो, तेव्हा भाव विचारताना कुठला ते पक्कं करा. खोलीला बाथरूम आहे की व्हरांड्यात सगळ्यांना मिळून एक, हेही स्वस्त जागी विचारून घ्यायचं. ईशान्येकडच्या बऱ्याच साध्या हॉटेलांत गरम पाणी नसतंच आणि हवाच अशी की लागतही नाही. नाश्त्याला मक्याचं वाफवलेलं कुसकुस आणि टॅपिओकाचे घावन मिळतात, शाकाहारी माणसाची चंगळ. २४ जूनच्या साओ जुआओ सणाला मात्र आधी ठरवल्याशिवाय जाऊ नये. त्या दिवसांत खोल्या तीन-चार रात्रींच्या पॅकेजमध्येच देतात. कार्निव्हल, ईस्टरचा आठवडा आणि ३१ डिसेंबर, तेव्हाही देशभर हीच रीत.

आणखी एक, विजेचं. ब्राझीलमध्ये काही गावांत १२७ व्होल्ट, काही गावांत २२०. मिनासमध्ये बहुतेक १२७. फोनचे चार्जर दोन्हीवर चालतात, भारतातून आणलेली पाणी उकळायची कॉइल किंवा इस्त्री १२७ वर नीट तापणार नाही. दोन बारीक गोल पिनांचा चार्जर मात्र इथल्या सॉकेटमध्ये बहुधा सरळ बसतो, ॲडॅप्टर लागत नाही.

---

रानवारा

दोघांचेही मनापासून आभार! शनिवार-रविवार साओ जुआओ देल-रेईत राहायची कल्पना आईबाबांना फोनवर सांगितली, बाबा आत्तापासूनच इंजिनाबद्दल वाचतायत.

दोन शंका उरल्या. एका पोझादाने निम्मे पैसे आगाऊ पिक्सने (इथलं यूपीआयसारखं) मागितलेत. या मुक्कामाचे पैसे बाबाच देणार म्हणून हट्ट धरून बसलेत, आणि त्यांच्याकडे फक्त भारतातलं कार्ड आहे. आणि आईच्या चहाचं कसं? खारा_वारा म्हणतात तशी कॉइल चालणार नसेल तर?

---

मिनासकर

पिक्स २०२० पासून इथे इतकं रुळलंय की मालकांना दुसरं काही सुचतच नाही. ते इथल्या बँक खात्यावर चालतं, बाबांच्या कार्डावरून होणार नाही. मोकळेपणाने सांगा की पाहुणे परदेशातले आहेत, कार्डाची लिंक पाठवा किंवा आल्यावर पैसे घ्या. बहुतेक जण ऐकतात. नाहीच ऐकलं तर तुम्ही तुमच्या खात्यातून आगाऊ भरा आणि उरलेले बाबांना काउंटरवर कार्डाने देऊ द्या, त्यांचंही मन राहील. अगदी छोट्या गावातही कार्डाचं मशीन असतं. तरी थोडी रोकड जवळ असू द्या, साध्या हॉटेलात रोख दिले तर थोडी सूट मागता येते.

काउंटरवर एक फॉर्म भरावा लागेल, काही ठिकाणी आता तो फोनवर भरतात. पासपोर्ट नंबर, व्यवसाय, कुठून आलात, पुढे कुठे जाणार, कशाने. सगळीकडे हाच असतो, घाबरण्यासारखं काही नाही. पोझादात रात्रभर काउंटरवर माणूस नसतो, तेव्हा उशिराच्या बसने पोचणार असाल तर वेळ आधी कळवाच.

आता चहा. खोलीत किटली बहुधा नसते, आणि इथे चहा मागितला तर गवती चहा, बडीशेप किंवा कॅमोमाइल येतं. आईंना सांगा, चहा पावडर आणि लहान गाळणी बरोबर ठेवा. नाश्त्याच्या टेबलावर कॉफीशेजारी गरम दुधाचा थर्मास असतोच. नाश्ता सात-साडेसातला सुरू होतो. त्याआधी हवा असेल तर रात्रीच स्वयंपाकघरात सांगून ठेवा, उकळतं पाणी कुणी नाही म्हणत नाही. माझी आई आली होती तेव्हा तिने दुसऱ्या दिवशी पोझादाच्या बाईंना आल्याचा चहाच करून पाजला, आणि निघेपर्यंत दोघींची मैत्री झाली, एकमेकींची भाषा येत नसताना. काउंटरजवळ ठेवलेली फुकटची कॉफी चाखूनच साखर घाला, गावाकडे ती आधीच गोड केलेली असते.

जेवणाचं : दुपारी वजनावर जेवण मिळतं तिथे जा, भात, भाज्या, सॅलड स्वतः वाढून घेता येतं. मात्र बीन्सच्या पदार्थांत, विशेषतः तूतू आणि त्रोपेइरोमध्ये, डुकराचं मांस असतंच असं धरून चाला. नुसतं 'मांस नको' म्हणून भागत नाही, हॅम, सॉसेज आणि चिकनही नको हे एकेक नाव घेऊन सांगा. रविवारी संध्याकाळी साओ जुआओत बरंच बंद असतं, पिझ्झावर निभावेल. दुपारीच थोडी फळं आणि चीज घेऊन ठेवा.

आंघोळीचं आईबाबांना पहिल्याच दिवशी दाखवून द्या. शॉवरच्या तोंडातच हीटर असतो, प्लॅस्टिकचा घुमट आणि भिंतीतून आलेल्या वायरी. त्यावर एक खटका, उन्हाळा, हिवाळा आणि बंद. खटका पाणी बंद असतानाच फिरवायचा, ओल्या हाताने नाही. मग नळ पूर्ण सोडलात तर पाणी कोमट येतं, हळूहळू धार बारीक केली की तापतं. फारच बारीक केली तर हीटर बंद पडून एकदम गार पाणी येतं. मधली जागा सापडली की झालं. दिवे किंचित मंद झाले की समजा हीटर चालू झाला. जुलैत, म्हणजे इथल्या हिवाळ्यात, ओरो प्रेतोत रात्री पारा दहाच्या खाली जातो आणि खोल्यांत हीटर नसतात, म्हणून बाबांनी संध्याकाळ व्हायच्या आत आंघोळ उरकावी.

संडासात कागद टाकायचा नाही, शेजारी डबा असतो. बऱ्याच ठिकाणी हातात धरायचा छोटा फवाराही असतो, आईबाबांची सोय होईल.

---

खारा_वारा

एक राहिलं. जुलै म्हणजे इथल्या शाळांची सुट्टी, आणि ओरो प्रेतोत त्याच महिन्यात हिवाळी महोत्सवही असतो. त्यामुळे आठवड्याच्या मधल्या वारांनाही चौकाजवळच्या तळमजल्याच्या खोल्या लवकर जातात. मी असतो तर तिकिटं हातात पडल्याबरोबर ओरो प्रेतोचं पक्कं केलं असतं, साओ जुआओचं मागाहून झालं तरी चालतं.

---

रानवारा

तिकिटं कालच काढली! आज रात्री चौकाजवळच्या तीन पोझादांना मेसेज टाकतो, जिन्यांचं, खिडकीचं आणि ब्लँकेटांचं विचारून. उत्तरं आली की इथे लिहीन, खोली निवडताना तुमचं मत हवंय.