नटाने काळा कोट चढवला, तर तो पळाला का?

दादरकर (मूळ पोस्ट): आमच्या ओळखीतला एक नट. वीसेक वर्षं नाटकं, मालिका केल्या आणि शेहेचाळिसाव्या वर्षी वकिलीची सनद घेऊन मुंबईच्या किल्ला कोर्टात उभा राहिला. आमच्या ग्रुपवर लगेच 'पळाला' असं आलं. शब्द मनाला लागला. डॉ. लागू १९६९ मध्ये डॉक्टरकी सोडून पूर्णवेळ नाटकात आले, ते धाडस. उलट वाटेने गेला तो पळपुटा?

पार्लेकर: तुलनाच चुकते. लागूंनी हातचं उत्पन्न सोडलं, याने ते शोधलं. आज पन्नाशीच्या भूमिकांना माणसं मिळत नाहीत. पंचविशीतली पोरं केस पांढरे करून बाप होतात. मोहन आगाशे मनोविकारतज्ज्ञ राहून नाटक करत राहिलेच ना?

काळा कोट: उत्पन्न? अहो, बावीस वर्षं वकिली करतेय. ज्युनिअरच्या हातात सुरुवातीला जे पडतं त्यात लोकलचा पास आणि जेवण निघालं तरी पुष्कळ. चाळिशीनंतर हे पत्करायला छाती लागते. पंचेचाळिशी उलटलेल्यांना नोंदणी नाकारणारा नियमच होता, सुप्रीम कोर्टाने तो १९९५ मध्ये रद्द केला म्हणून याला सनद मिळाली. आणि कमावलेला आवाज दिंडोशीच्या कोर्टात फारसा कामाचा नाही. जज पान नंबर विचारतात. उलटतपासणीत समोरचा ठरलेलं वाक्य बोलत नाही. कान देऊन ऐकायची नटाची सवय मात्र तिथे कामी येते.

दादरकर: ताई, नेमकं बोललात. मालिकेचे पैसे ९० दिवसांनी येतात, हे आम्ही सगळ्यांनी मुकाट्याने मान्य केलं. मालिका मध्येच बंद पडली तर काय, हे करारात कुणी वाचलंच नाही. परवा एका नव्या मुलीचा करार त्याने ओळ न् ओळ वाचून दिला, सही थांबवली. नाईट, म्हणजे प्रयोगाचं मानधन, बुडाल्याचं दुःख ज्याला ठाऊक आहे, तोच हे करतो.

पार्लेकर: करार वाचून दिला, हे मोठं काम. पण कोर्टं रविवारी तरी बंद असतात आणि आपले प्रयोग त्याच दिवशी. मग तालमीला का येत नाही?

काळा कोट: सनद असताना पूर्णवेळ पगारी नोकरी चालत नाही. नाईटवर काम म्हणजे नोकरी नव्हे, असं माझं मत. फक्त सोमवारच्या बोर्डाची, म्हणजे त्या दिवशीच्या खटल्यांच्या यादीची, तयारी रविवारीच होते.

दादरकर: पार्लेकर, पार्ल्याच्या दीनानाथ नाट्यगृहात दुपारी चारचा प्रयोग मिळाला तर कळवा. विचारतो त्याला.