मेणवलीला कोण येतंय? नाव लिहा, नुसता अंगठा नको

सोमवार, रात्री ९ नंतर

सेक्रेटरी: फेब्रुवारीच्या सहलीचं ठरवूया. मागच्या वर्षी जिथे गेलो तिथे परत जायचं नाही, हे आधीच सांगतो. साठ माणसांना दोन बाथरूम आणि गार मिसळ. त्यावरून वर्षभर माझं डोकं खाल्लंत सगळ्यांनी.

सी-४०२ ताई: मी सुचवू? एखादं जुनं मोठं घर आणि भोवती बाग, असं काहीतरी. मुलाकडे इंग्लंडला गेलो होतो तेव्हा पाहिलं होतं. तिकीट काढायचं, सगळ्या खोल्या फिरायच्या, मग बागेत बसून चहा आणि केक. इतकं छान ठेवलंय! आपल्याकडे असं काही का नसतं?

बी-१०१ काका: असतं की. केक नसतो एवढंच.

ए-३०३ दादा: आगाखान पॅलेस. घर पण, बाग पण, बसचा खर्च शून्य.

बी-१०१ काका: शाळेच्या सहलीत दोनदा, पाहुण्यांना दाखवायला दहादा.

ए-३०३ दादा: मी आठ वर्षं विमाननगरला जातोय, रोज समोरून. आत एकदाही गेलेलो नाही.

अप्पा: मग एका शनिवारी जाऊन ये, शोभत नाही हे. १८९२ चा आहे तो. १९४२ च्या ऑगस्टपासून गांधीजींना तिथे स्थानबद्ध ठेवलं होतं. महादेवभाई आठवड्याभरातच गेले, कस्तुरबा १९४४ च्या फेब्रुवारीत. दोघांच्या समाध्या त्याच आवारात आहेत. जरूर बघावं, पण तिथे डबे उघडून अंताक्षरी खेळायला माझं मन घेणार नाही.

सी-४०२ ताई: बरोबर आहे अप्पा. मग विद्यापीठाची मुख्य इमारत?

अप्पा: तुम्ही म्हणता तसलं साहेबी घर पुण्यात तेच. पावसाळ्यात मुंबईचे गव्हर्नर तिथे मुक्कामाला यायचे. १८९७ च्या २२ जूनला राणीच्या हीरक महोत्सवाचा समारंभ तिथेच झाला आणि तिथून परतताना गणेशखिंड रस्त्यावर चापेकरांनी रँडला गाठलं. पण आता ते विद्यापीठ आहे, आपल्या सत्तावीस माणसांच्या गोतावळ्याला कोण आत फिरवणार?

ए-३०३ दादा: आणि त्या चौकातलं ट्रॅफिक बघता गणेशखिंडीपेक्षा साताऱ्याला लवकर पोहोचू.

अप्पा: सातारा म्हणालास ना? मग मेणवली.

बी-२०४ वहिनी: ते शूटिंग झालं होतं ते? घाट, मोठं झाड, नदी?

अप्पा: शूटिंग झालं म्हणून नाही, पण हो, तेच.

सी-१०३: ए विंगची लिफ्ट परत बंद आहे का?

सेक्रेटरी: माणूस येतोय. कृपया सहलीच्या मध्ये लिफ्ट आणू नका.

सी-१०३: मी चौथ्या मजल्यावर गॅस सिलिंडर घेऊन उभा आहे.

मंगळवार

अप्पा: काल अर्धवट राहिलं, आता नीट लिहितो. मेणवली वाईपासून तीनेक किलोमीटरवर, कृष्णेच्या काठाला. नाना फडणवीसांचा गावाकडचा वाडा. शनिवारवाड्याजवळचा नानावाडा आपण रोज स्कूटरवरून बघतो, तो त्यांचा कामाचा पत्ता. हा मनाचा. १७६८ मध्ये औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींकडून हे गाव नानांना मिळालं आणि मग त्यांनी वाडा बांधला, नदीला चंद्रकोरीसारखा घाट बांधला, घाटावर विष्णूचं आणि मेणेश्वराचं देऊळ उभं केलं. वाड्याला सहा चौक आहेत. एका चौकातून दुसऱ्यात गेलं की बाहेरचा आवाज एकेक पायरीने कमी होत जातो. भिंतींवर जुनी चित्रं आहेत, त्यांच्यावर फ्लॅश मारायचा नाही आणि हात तर अजिबात लावायचा नाही.

ए-३०३ दादा: औंध? म्हणजे आपलं परिहार चौकातलं?

अप्पा: साताऱ्याकडचं औंध रे बाबा. यमाईचं.

सी-४०२ ताई: आणि बाग?

अप्पा: ताई, खोटं सांगत नाही. कातरलेली हिरवळ आणि दगडी परीच्या हातातलं कारंजं तिथे मिळणार नाही. आपल्याकडे बाग म्हणजे विहीर, पाट, केळी, देवापुरती फुलं, चार आंबे. आणि तशा बागांचंही काय झालं ते पुण्यात बघा. बेलबाग नानांनीच वसवली, आज बेलबाग म्हटलं की लक्ष्मी रस्त्याच्या गर्दीतलं देऊळ आठवतं. हिराबाग म्हटलं की मांडवातला गणपती. सारसबागेचं तर उलटं झालं, तिथे आधी तळं होतं आणि मधल्या बेटावर गणपती. तळं बुजवलं, बाग आली, माझी आई मात्र शेवटपर्यंत ‘तळ्यातला गणपती’च म्हणायची. मेणवलीत बागेचं काम नदी करते. वाड्याच्या मागच्या अंगाने बाहेर पडलं की सरळ घाट.

सी-४०२ ताई: म्हणजे बाग नाही.

अप्पा: नाही.

बी-१०१ काका: पण बाग वाटेत आहे! कोणाच्या लक्षातच येत नाहीये. चेलाडी फाट्यावरून आत वळलं की नसरापूरचं बनेश्वर. देवळाभोवती झाडी, पाण्याची टाकी, मागे छोटा धबधबा (फेब्रुवारीत जेमतेम). नाश्ता तिथे करू. घरून पोहे नेले तर पैसेही वाचतील.

अप्पा: काका, तुम्हाला कुठे ठेवू आणि कुठे नको! बनेश्वराची घंटा पाहिलीय?

बी-१०१ काका: वाजवलीय. पाहिली कुठे?

अप्पा: तिच्यावर क्रूस आहे आणि १६८३ साल. मेणवलीच्या घाटावरही तशीच एक आहे, तिच्यावर १७०७ आणि मेरीच्या कडेवर बाळ येशू. दोन्ही पोर्तुगीजांच्या. १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी वसई घेतली, तेव्हा तिकडच्या चर्चमधल्या घंटा सरदारांनी विजयाची खूण म्हणून आणल्या आणि देवळांना वाहिल्या. एकाच सहलीत दोन घंटा होतात.

बी-२०४ वहिनी: मी तिची मुलगी, आईच्या फोनवरून. चर्चची घंटा देवळात कशी काय चालते? मेरीला काढून टाकलं नाही का?

अप्पा: चांगला प्रश्न. नाही काढलं. तिथे गेल्यावर जवळून बघ, अजून आहे.

ए-३०३ दादा: अप्पा, नाना कारभारी ना, मग त्यांचे हिशेबाचे कागद वगैरे वाड्यातच आहेत का? मला ते बघायला आवडेल.

खजिनदार: आधी आपल्या सोसायटीचे बघ.

अप्पा: वाड्यात सापडलेले कागद ‘मेणवली दफ्तर’ म्हणून ओळखले जातात आणि आता ते आपल्या पुण्यातच आहेत, येरवड्याला डेक्कन कॉलेजात. म्हणजे घर तिकडे आणि कागद इकडे. पुण्याच्या माणसाचं हे असंच, काम पाठ सोडत नाही.

सेक्रेटरी: वाड्यात आत सोडतात का? दाराशी जाऊन परत यायची वेळ नको.

अप्पा: वाडा सरकारी नाही, खाजगी आहे, नानांच्या घराण्याकडे. राखणदाराला आधी फोन करून वेळ ठरवावी लागेल. ते काम माझ्याकडे. काही खोल्या बंद असतील, त्या बंदच असणार. ‘एवढ्या लांबून आलोय हो’ म्हणत कड्या वाजवायच्या नाहीत.

बुधवार

सी-३०१: शुभ सकाळ. जीवनात दोनच गोष्टी विसरू नका...

सेक्रेटरी: हा ग्रुप फक्त कामासाठी आहे.

सी-३०१: सहल हे काम आहे का?

खजिनदार: हिशेब टाकतोय. सत्तावीस सीटची बस दिवसभराची १५,०००. टोल, पार्किंग, ड्रायव्हरचा भत्ता मिळून १,५००. वाईत जेवण माणशी २०० धरून ५,४००. चहा ६००. एकूण २२,५००, माणशी ८३३. मी ८५० घेतोय. उरलेल्या पैशांवरून मीटिंग होणार नाही.

बी-२०४ वहिनी: पाच वर्षांखालच्यांचं काय?

खजिनदार: मांडीवर असेल तर फुकट. खिडकीशी हवं असेल तर ८५०.

सी-४०२ ताई: जेवणाआधी ढोल्या गणपती बघून घेऊ ना? वाईला जाऊन तो नाही बघितला तर सासूबाई जेवू देणार नाहीत.

अप्पा: घेऊ. १७६२ मध्ये गणपतराव रास्त्यांनी बांधलेला. मूर्ती सगळेच बघतात, तुम्ही देवळाच्या मागे जा. पुराचं पाणी दोन बाजूंना फाकावं म्हणून मागची भिंत माशासारखी निमुळती केलीय. मूर्तीपेक्षा मला ती भिंत जास्त आवडते, हे सासूबाईंना सांगू नका.

बी-१०१ काका: निघायचं साडेसहाला. साडेसहा म्हणजे साडेसहा. कात्रज, खेड शिवापूरचा टोल, बनेश्वर, मग खंबाटकी चढून सुरूर फाट्याला उजवीकडे. आणेवाडीचा टोल लागत नाही. येताना बोगदा. चारच्या आत वाई सोडायची, नाहीतर रविवारी संध्याकाळी महाबळेश्वरची सगळी गर्दी आपल्या पुढे असेल आणि शिवापूरला आपण गाडीतच उरलेले पोहे खात बसू.

बी-२०४ वहिनी: स्ट्रॉबेरी?

बी-१०१ काका: दहा मिनिटं. घड्याळ लावून.

सेक्रेटरी: ज्येष्ठांचं बोला. पायऱ्या किती, बाथरूम कुठे. गेल्या वर्षीचं मी विसरलेलो नाही.

सी-४०२ ताई: माईंना विचारा ना, त्या वाईच्याच.

अप्पा: अरे हो! माई, तुम्ही इतका वेळ गप्प कशा?

गुरुवार

माई: मला टाइप करायला वेळ लागतो. नातीला सांगून लिहून घेतेय. माझं माहेर वाई, मधली आळी. मेणवलीला आम्ही चालत जायचो, वाटेत हळदीच्या शेताच्या कडेने. माघात कृष्णामाईचा उत्सव सुरू झाला की वाईचे घाट माणसांनी भरायचे, आणि आम्हा मुलींना मेणवलीला सोडून द्यायचे, घरात गोंधळ नको म्हणून.

माई: वाड्याची दारं बुटकी आहेत, उंच माणसांनी डोकं सांभाळा. आत उन्हाळ्यातही जमीन गार. चप्पल हातात घेऊन आम्ही मुद्दाम अनवाणी फिरायचो. घाटाच्या पायऱ्या उंच आहेत. उतरायला काही वाटत नाही, चढताना कळतं. गुडघेवाल्यांनी खाली जाऊच नये, वरून नदी तेवढीच दिसते. झाडाखाली बसायला जागा आहे. बाथरूमचं वाईतच उरकून निघायचं, तिथे जाऊन शोधायचं नाही.

माई: आणि अप्पा, त्या घंटेवरची बाई आम्हाला कोणी सांगितली नव्हती. मूल कडेवर आहे म्हणून आम्ही तिला देवकी म्हणायचो. टाचा वर करून तिच्या पायाला हात लावायचा आणि मग पळायचं. मेरी आहे हे मला इथे आल्यावर, लग्नानंतर कळलं.

अप्पा: माई, बसमध्ये माइक तुमच्याकडे.

माई: मी येणार नाही. गुडघे.

बी-२०४ वहिनी: माई, मी मुलगीच बोलतेय. तुम्ही आलात तर मी तुमच्याबरोबर वर झाडाखाली बसेन.

सी-१०३: लिफ्ट सुरू झाली. कोणाला सांगायचं राहिलं असेल तर.

शनिवार

सेक्रेटरी: अप्पांनी वाड्यावर बोलून घेतलंय. रविवारी साडेदहाची वेळ मिळाली. आत एका वेळी दहा-बारा जणच, त्यामुळे दोन गट. एक गट वाड्यात, दुसरा घाटावर, मग अदलाबदल.

खजिनदार: पोलमध्ये ४१ जण ‘येणार’. पैसे ११ जणांचे. बस २७ ची. ज्याचे पैसे त्याची सीट, सोपं आहे.

सी-४०२ ताई: माझे चार सीटचे पाठवले. सासूबाई धरून. केक मी करून आणते, बनेश्वरला झाडाखाली कापू.

बी-१०१ काका: बघा, म्हटलं होतं ना, केक तेवढा नव्हता.

ए-३०३ दादा: मी पण पाठवले. आणि अप्पा, आज सकाळी आगाखान पॅलेस बघून आलो. समाध्यांपाशी बराच वेळ बसलो. एवढंच सांगायचं होतं.

अप्पा: (बराच वेळ ‘टाइप करत आहे’) बरं केलंस.

माई: सेक्रेटरी, माझं नाव घाल. पुढची सीट, खिडकी, आणि मध्ये कोणी उठायचं नाही. बी-२०४ च्या मुलीला शेजारी बसव.

खजिनदार: माई, क्यूआर पाठवू का?

माई: ते मला नको. संध्याकाळी नात आणून देईल, नोटा मोजून घे. आणि पोह्यांत साखर कोण घालतंय ते मला आधी कळव.