प्रिसिजन की जॅझ? पहिली बास घेताना डोकं भंजाळलंय

प्रश्न: सहा वर्षं साधी गिटार वाजवतोय, आता बासकडे वळायचंय. बोटं आखूड आहेत. फेंडरच्या प्रिसिजन आणि जॅझ या दोन बास गिटारांत नक्की फरक काय?

उत्तर १: माझ्याकडे दोन्ही आहेत. प्रिसिजन १९५१ची; तिचा दोन तुकड्यांचा पिकअप (तारांचा कंप टिपणारा भाग) १९५७ला आला. जाड, ठोसेबाज आवाज. एक व्हॉल्यूम, एक टोन, बस्स. जॅझ १९६०ची: दोन पिकअप, आणि मान नटपाशी (वरच्या टोकाला, जिथे तारा टेकतात) निमुळती, म्हणून आखूड बोटांना बरी. ब्रिजकडचा (तारा खाली अडकवतात तिथला) पिकअप वाढवला की आवाज नाकातून बोलल्यासारखा येतो. मला तोच आवडतो, ड्रमरला नाही! फक्त एकच पिकअप उघडा ठेवला तर गुणगुण येते. दोन्ही सारखे केले की थांबते.

उत्तर २: नावात जॅझ आहे म्हणून ती फक्त जॅझसाठी असं समजू नकोस. मी वर्षभर समजत होतो. नेहमीच्या ३४ इंचांऐवजी ३० इंची शॉर्ट स्केलही (तारेची वाजणारी लांबी कमी असलेली बास) हातात धरून बघ. मानेवरच्या पट्ट्या (फ्रेट) जवळजवळ येतात, तारा मऊ लागतात. ई तार मात्र जरा ढिली वाटते.

प्रश्नकर्ता: आणि पाच तारांची?

उत्तर १: पाचव्या तारेचा खालचा बी सूर खरंच लागणार असेल तरच. नाहीतर ती तार गप्प ठेवण्यातच अंगठा दमतो.