सिग्नेटींचा पहिला सिझन: तुम्ही काय पाहिलंत?

मंडळी, इंडियाना विद्यापीठाच्या फुटबॉल संघाचा २०२४ चा सिझन ज्यांनी जवळून पाहिला, त्यांनी इथे लिहावं म्हणून हा धागा काढते आहे. फुटबॉल म्हणजे अमेरिकन, लंबगोल चेंडू हातात घेऊन पळायचा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: हे बास्केटबॉलवेडं राज्य. बास्केटबॉलची पाच राष्ट्रीय विजेतेपदं विद्यापीठाच्या नावावर, पण फुटबॉलमध्ये तोवर सव्वाशेहून जास्त वर्षांत एकाही सिझनला दहा विजय नव्हते. २०२३ मध्ये तीन जिंकल्या, नऊ हरल्या आणि कोच बदलले. जेम्स मॅडिसन विद्यापीठातून कर्ट सिग्नेटी आले, वय ६२. खेळाडूंना इकडे यायला कसं पटवता, असं पत्रकारांनी विचारलं तर म्हणाले, "मी जिंकतो. गूगल करा."

मी विद्यापीठाच्या गावी, ब्लूमिंग्टनलाच राहते. पूर्वी शनिवारी स्टेडियमबाहेरच्या मैदानात शेगड्या पेटायच्या, गाणी वाजायची, आणि मॅच सुरू झाली तरी निम्मी पोरं तिथेच. आत गेलेली हाफटाइमला परत. त्या शरद ऋतूत लोक शेवटपर्यंत बसू लागले. माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठा बदल हाच. आता तुम्ही लिहा.

*

ब्लूमिंग्टन, पीएचडी करते.

ताई, मी मिशिगनच्या मॅचबद्दल लिहिते. ९ नोव्हेंबर. त्याआधी सलग नऊ जिंकलेल्या, पण बहुतेक सगळ्या इतक्या सहज की शेवटच्या भागात जीव टांगणीला लागलाच नव्हता. नेब्रास्काला तर ५६-७ हरवलं होतं. मिशिगन म्हणजे आदल्या सिझनचे राष्ट्रीय विजेते. हाफटाइमला आपण १७-३ ने पुढे, आणि मग आपल्या आक्रमणाचं चाकच रुतलं. १७-९... मग १७-१५. बरोबरी साधायला त्यांनी दोन जादा गुणांचा प्रयत्न केला तो फसला, तेव्हा माझ्या पुढच्या रांगेतले म्हातारे आजोबा लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या पँटमध्ये बाकावरच उभे राहिले. नातू त्यांना खाली बसवत होता, ते ऐकेनात. मग आपली फील्ड गोल (चेंडू खांबांमधून लाथाडून तीन गुण), २०-१५, आणि त्यांची शेवटची चढाई. त्यांच्या प्रत्येक डाऊनला, म्हणजे पुढे सरकायच्या प्रयत्नाला, पाय आपटून आपटून सगळा स्टँड हादरत होता. ती अडवली तेव्हा इतिहासातला पहिला दहावा विजय झाला. आजोबा रडत होते. त्यांनी मला, म्हणजे अगदी अनोळखी मुलीला, मिठी मारली.

अशी घासून झालेली मॅच जिंकता येणं मला ५६-७ पेक्षा कितीतरी मोठं वाटतं.

*

इंडियानापोलिस. फिजिओथेरपिस्ट आहे, त्यामुळे माझं लक्ष कर्टिस रूर्ककडे.

हा कॅनडाचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून आक्रमण चालवणारा खेळाडू, ओहायो विद्यापीठातून आला होता. नेब्रास्काविरुद्ध उजव्या हाताच्या अंगठ्याला दुखापत, शस्त्रक्रिया, वॉशिंग्टनविरुद्धची मॅच बाहेर बसून पाहिली आणि त्यानंतरच्या मॅचला पुन्हा मैदानात. चेंडू फेकणाऱ्या हाताचा अंगठा! पकड तिथेच असते. सिझन संपल्यावर कळलं की गुडघा स्थिर ठेवणारा एसीएल हा अस्थिबंध फाटलेला असतानाच तो अख्खा सिझन खेळला. माझ्याकडे असे पेशंट येतात. झटकन वळायचं म्हटलं की गुडघा दगा देतो. सांगून-सवरून, डॉक्टरांच्या देखरेखीखाली तो खेळला असेल, तरी वीस-बावीस वर्षांच्या कुणाला मी हा सल्ला दिला नसता. त्याच्या जिद्दीला मात्र सलाम.

*

वेस्ट लाफायेट, परड्यू विद्यापीठ. होय, इंडियानाचा शत्रुपक्ष.

इंडियानाने आम्हाला ६६-० हरवलं. हरलेल्या बाजूच्या स्टँडमध्ये थंडीत बसून पाहिलंय. आमच्या दोघांच्या मॅचचा चषक म्हणजे ती ओकची जुनी बादली, जिच्या साखळीला दर वर्षी जिंकणाऱ्याच्या नावाचं अक्षर लागतं, तिला या वेळी 'आय' जोडला गेला. आमचा सिझन एक विजय, अकरा पराभव; दुसऱ्याच दिवशी कोचना काढलं. त्यांचं ते दुसरंच वर्ष होतं. दादांनो, कोच बदलला की नशीब बदलतं असं नुसतं म्हणू नका, आमच्याकडेही बदललाच होता की.

*

सांगली. निवृत्त क्रीडाशिक्षक, मुलाकडे आलो होतो.

वरच्या परड्यूच्या मुलाचा मुद्दा रास्त आहे, म्हणून लिहितो. मुलाने समजावलं तसा खेळ मला कबड्डीसारखा कळला: चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं, नाहीतर चेंडू समोरच्याला. मग मी कोचकडे पाहू लागलो. टचडाउन (चेंडू समोरच्यांच्या शेवटच्या रेषेपलीकडे नेऊन सहा गुण) झालं तरी माणसाच्या चेहऱ्यावर रेष हलत नाही, लगेच पुढच्या खेळीचं बोलणं. आधीच्या कॉलेजातून तेरा खेळाडू सोबत आणलेले. ऐडन फिशर, मिकेल कमारा, डीअँजेलो पाँड्स हे बचावातले खंदे तिथलेच. त्यांना कोचचा शब्द आधीच ठाऊक, बाकीच्यांनी त्यांच्याकडे बघून शिकायचं. नवीन गावात शिस्त बसवायला मला तीन-तीन वर्षं लागत, ती इथे एका उन्हाळ्यात बसली त्याचं कारण माझ्या मते हेच. हा गृहस्थ लहान कॉलेजांत वर्षानुवर्षं मुख्य कोच राहून जिंकत आलेला आहे, वडीलही कोच. तालीम जुनी आहे, गाव नवीन.

*

शिकागो, इंडियानाचा माजी विद्यार्थी.

पैशांचंही कुणीतरी लिहायला हवं. नोव्हेंबरमध्येच त्यांना आठ वर्षांचा नवा करार मिळाला, वर्षाला सरासरी ८० लाख डॉलर. मला जिंकण्याचा आनंद मनापासून झाला आणि हा आकडा मला पटत नाही. दोन्ही खरं आहे.

नोत्र दाम विद्यापीठाशी झालेली मॅच त्यांच्या गावी साउथ बेंडला जाऊन पाहिली. राष्ट्रीय विजेतेपदासाठीच्या बारा संघांच्या पहिल्या प्लेऑफची (बाद फेरीची) सलामीची मॅच, २० डिसेंबर. सुरुवातीलाच त्यांच्या जेरेमाया लव्हने ९८ यार्ड पळून टचडाउन केलं. २७-१७ हा निकाल आहे त्यापेक्षा बरा दिसतो, कारण आपले शेवटचे दोन टचडाउन मॅच हातची गेल्यावरचे. नंतर टीव्हीवर सुरू झालं: यांचं वेळापत्रकच सोपं होतं, यांची लायकी नव्हती. ओहायो स्टेटने ३८-१५ हरवलं, तेही त्यांनी पुराव्यात धरलं. मी हे मुळीच मानत नाही. समोर आलेल्या तेरांपैकी अकरांना हरवलं, आणि हरले ते दोघांशीच. त्या दोघांचीच पुढे जानेवारीत राष्ट्रीय विजेतेपदाची अंतिम मॅच झाली!