अक्रम खानचं ‘झेनोस’: एकटा माणूस युद्ध कसं काय नाचून दाखवणार?

रिकामी_खुर्ची: काल ‘झेनोस’चं रेकॉर्डिंग पाहिलं, म्हणजे ब्रिटिश कथक नर्तक अक्रम खानचं पहिल्या महायुद्धातल्या हिंदी शिपायावरचं सोलो नृत्य. सुरुवात झकास, गाणं, पढंत (तालाचे बोल म्हणणं), कथक, अगदी लग्नघरची बैठक. मग दोर ताणले जातात आणि बैठकीचं सगळं सामान स्टेजवरच्या मोठ्या उतारावरून वर ओढलं जाऊन पलीकडे गायब. तिथून पुढे माझी विकेट गेली. ना शत्रू ना धड गोष्ट, एकटा माणूस मातीत लोळतोय. लोक रडले म्हणे, मी कोरडाच. नक्की बघायचं काय यात?

तत्कारवाली: घुंगरू बघ. आम्हाला घुंगरू बांधायच्या आधी कपाळाला लावायला शिकवतात, आणि हा तेच पायातून सोडून अंगावर घेतो तर एकदा काडतुसांचा पट्टा वाटतो, एकदा बेड्या. माझ्या तर पोटात गोळाच आला. आणि तो उतार! कथकला सपाट जमीन लागते रे, चक्कर घेऊन समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, खट्टकन उभं राहायचं असतं, तिथे उभंच राहता येत नाही. ज्याला नाचायचं तेवढं येतं त्याच्याकडून नेमकं तेच काढून घेतलंय. मला शत्रू लागलाच नाही मग.

जुने_नकाशे: थोडा इतिहास. हे 2018 चं, पहिलं महायुद्ध संपल्याला 100 वर्षं झाली तेव्हाचं. त्या युद्धात 10 लाखांवर हिंदी माणसं समुद्रापार गेली, 70 हजारांच्या वर मेली. ग्रामोफोनमधून नावं वाचली जातात ना, ती सैनिकांची. झेनोस म्हणजे ग्रीकमध्ये परका. आपल्याला फ्रान्सचे खंदक तरी ऐकून माहीत असतात, पण आताच्या इराकमधल्या कुतच्या वेढ्यात मराठा पलटणी होत्या आणि एप्रिल 1916 मध्ये उपासमारीने शरण जावं लागलं, हे कुणाला विचारून बघा.

उगाच_शंका: मला एक खटकतं, सगळं फार देखणं आहे. प्रकाश, धूळ, घामाने चमकणारी पाठ, युद्धसुद्धा सुंदरच दिसायला लागतं. जर्मन नृत्यदिग्दर्शक कुर्ट योसचं 1932 चं नृत्य ‘द ग्रीन टेबल’ बघा, सोलो नाही ते, पण सुरुवातीला आणि शेवटी हिरव्या टेबलाभोवती मुखवटे घातलेले मुत्सद्दी वाद घालताना दिसतात, म्हणजे युद्ध लावतं कोण ते तरी कळतं. इथे हुकूम देणारा कुठाय?

तत्कारवाली: @उगाच_शंका देखणेपणाचं मान्य, शेवटाकडे मलाही जरा जास्तच झालं. पण शिपायाला तरी कुठे दिसत होतं ते टेबल? त्याच्या हातात फक्त दोर येतो, पलीकडून कोण ओढतंय ते त्याला दिसत नाही, म्हणून मला वाटतं एकटाच हवा.

रिकामी_खुर्ची: अरे ती नावं होती?? मी ग्रामोफोनची खरखर समजून आवाज कमी केला होता 🤦 आज हेडफोन लावून परत बघतो.