दिग्दर्शकाने मान्य केलेले रंग मूळचेच समजावेत का?

प्रश्न: ‘द फ्रेंच कनेक्शन’ (१९७१) या चित्रपटाची २००९ सालची ब्लू-रे डिस्क दिग्दर्शक विल्यम फ्रीडकिन यांच्या देखरेखीखाली तयार झाली, तरीही तिचे रंग फिकट आणि पसरलेले का दिसतात, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद: फ्रीडकिन यांनी कृष्णधवल प्रतिमेवर भडक केलेला आणि मुद्दाम धूसर ठेवलेला रंगाचा थर चढवून घेतला होता. त्यामुळे रंग वस्तूंच्या कडांबाहेर ओघळतो आणि चेहऱ्यांवरही सपाट छटा दिसते.

प्रतिसाद: छायालेखक ओवेन रॉइझमन यांना याबाबत विचारलेच गेले नव्हते आणि त्यांनी जाहीरपणे तीव्र नाराजी व्यक्त केली होती. हिवाळ्यातल्या न्यूयॉर्कचा मळकट, खरखरीत उजेड हा त्यांच्या कामाचा प्राण आहे, आणि तो पुसला जाणे मला अन्यायाचे वाटते. दिग्दर्शकाची सही त्याची आजची पसंती सांगते. १९७१ च्या पडद्यावर काय दिसले, याची ती ग्वाही नव्हे.

प्रतिसाद: सहमत. मात्र चित्रपटगृहात दाखवली जाणारी जुनी प्रिंटही (फिल्मची प्रत) पुरावा म्हणून पुरेशी नाही, कारण त्या काळच्या ईस्टमन रंगीत फिल्मवरच्या प्रिंटमधले निळसर रंगद्रव्य उडून ती गुलाबी पडते. आपण २०१२ ची ब्लू-रे आवृत्ती घ्यावी. तिच्यात फ्रीडकिन आणि रॉइझमन या दोघांचाही सहभाग होता आणि रंग नैसर्गिक आहेत.